बोलती ठेवलेली वाद्यं

आपल्याकडे ‘जुनं ते सोनं’ म्हणायचं आणि जुनी वस्तू माळ्यावर टाकायची, अशी दुहेरी रीत आहे. आजीचं पितळी घंगाळ, मामांची पेटी, आत्याबाईंचा तंबोरा... टाकवत नाही म्हणून ठेवायचं आणि लागत नाही म्हणून वर चढवायचं. दिवाळीच्या साफसफाईत एकदा धूळ झटकली की पुन्हा वर्षभर तिकडे बघायला नको!

घंगाळाचं ठीक आहे. वीस वर्षांनी खाली काढलं आणि चिंचेनं घासलं की पुन्हा लखलखतं. वाद्याचं तसं नसतं. वाजवलं नाही तर ते मुकं होतं, आणि वाजवत राहिलं तर झिजतं. मग करायचं काय? हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरातल्या तंबोऱ्याचा आहे, तसाच मोठमोठ्या संग्रहालयांचाही आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठानं त्याचं जे उत्तर शोधलं, ते ऐकण्यासारखं आहे. तिथं अडीचशे वर्षांपूर्वीच्या वाद्यांवर आजही मैफली होतात, तशाच आजच्या मोठ्या पियानोवरही होतात. आणि दोन्ही ऐकल्यावर कळतं की, जुनं वाद्य म्हणजे नव्याचं कच्चं रूप नव्हे.

नाव बाईचं, सभासद पुरुष

एडिंबरोच्या जुन्या गावात काउगेट नावाचा सखल, अरुंद रस्ता आहे. त्याच्या कडेला सेंट सिसिलियाज हॉल ही इमारत उभी आहे. सेंट सिसिलिया ही ख्रिस्ती परंपरेतली संगीताची संत. आपल्याकडे जसं सरस्वतीचं स्मरण, तसं तिकडे तिचं. २२ नोव्हेंबर हा तिचा दिवस. तिच्या नावाचं हे सभागृह १७६३ साली तयार झालं. रॉबर्ट मिल्न या वास्तुशिल्पकारानं वरच्या मजल्यावरची मैफलीची खोली मुद्दाम लंबगोल बांधली. मुद्दाम मैफलींसाठी म्हणून बांधलेलं स्कॉटलंडमधलं हे सर्वांत जुनं सभागृह. साऱ्या ब्रिटनमध्ये त्याहून जुनं एकच, ऑक्सफर्डचं १७४८ सालचं हॉलिवेल म्युझिक रूम. गंमत म्हणजे, तेही विद्यापीठाच्याच एका कॉलेजच्या मालकीचं आहे!

हॉल बांधला तो एडिंबरो म्युझिकल सोसायटी या मंडळीनं. नाव बाईचं असलं, तरी सभासद सगळे पुरुष. बायकांनी यायचं ते पाहुण्या म्हणून, तिकीट मिळवून. त्या काळच्या झग्यांखाली कड्यांची मोठी चौकट असायची. एकेका बाईला दोघींची जागा लागायची. १७४२ साली डब्लिनमध्ये हॅन्डलचा ‘मसाया’ पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा तर बायकांनी कड्या काढून आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी जाहीर विनंतीच करावी लागली होती. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शालू सावरताना होणारी तारांबळ आठवा, म्हणजे कल्पना येईल.

पुढे शहर वाढलं. ऐपतदार मंडळी टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली आणि मैफलीही त्यांच्यामागून गेल्या. १७८० नंतरच्या दशकात शेजारीच एक उंच पूल बांधला गेला आणि हॉल त्याच्या सावलीत झाकला गेला. सोसायटी मोडली. मग त्या खोलीनं काय काय पाहिलं! कधी तिथं प्रार्थनामंदिर झालं, कधी फ्रीमेसन मंडळींचं सभागृह, कधी शाळा, आणि विसाव्या शतकात चक्क नाचघर. १९५९ मध्ये विद्यापीठानं ती इमारत विकत घेतली. डागडुजी होऊन १९६८ साली तिथं पुन्हा सूर घुमले. अगदी अलीकडे मोठी दुरुस्ती करून २०१७ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली आहे.

जनरलसाहेबांचं मृत्युपत्र

तुम्ही म्हणाल, विद्यापीठाला मैफलींची एवढी हौस कशी? त्याचं मूळ एका लष्करी गृहस्थाच्या मृत्युपत्रात आहे. जनरल जॉन रीड. शिक्षण एडिंबरोत, आयुष्य गेलं छावण्यांत, आणि जीव बासरीवर. स्वतः वाजवायचा, चालीही बांधायचा. १८०७ मध्ये तो वारला. लेकीच्या पश्चात आपला पैसा विद्यापीठाला मिळावा, त्यातून संगीताच्या प्राध्यापकाची जागा निर्माण व्हावी आणि दरवर्षी आपल्या वाढदिवसाच्या सुमारास, म्हणजे १३ फेब्रुवारीच्या आसपास, एक मैफल व्हावी, असं त्यानं लिहून ठेवलं. शिवाय त्या मैफलीत आपली स्वतःची एक-दोन रचना वाजवावी. का? तर आपल्या तरुणपणी लोकांची आवड कशी होती, ते पुढच्यांना ऐकू यावं म्हणून!

कुणी याला आत्मप्रौढी म्हणेल. पण जुनं संगीत कागदावर जपून भागत नाही, ते कानावर पडावं लागतं, हे या माणसाला दोनशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

१८३९ मध्ये जॉन थॉमसन हे पहिले रीड प्राध्यापक नेमले गेले आणि १८४१ मध्ये पहिली रीड मैफल झाली. थॉमसननी श्रोत्यांच्या हाती रचनांचा उलगडा करणारं टिपणही दिलं. ही प्रथा पुढे सगळीकडे रूढ झाली. पैसा आला की तंटेही येतातच. या निधीच्या वापरावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. अखेर १८५९ मध्ये संगीतासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. तीच आजचा रीड कॉन्सर्ट हॉल. विसाव्या शतकात डोनाल्ड टोवी या प्राध्यापकानं इथं वाद्यवृंद उभा केला. त्याच्या मैफलींसाठी त्यानं लिहिलेली टिपणं पुढे पुस्तकरूपानं निघाली आणि जगभरच्या संगीतप्रेमींनी ती वाचली.

लेकाच्या आठवणीसाठी

सभागृह झालं, मैफली झाल्या. पण जुनी वाद्यं आली कुठून? इथं एका आईचा उल्लेख करायला हवा.

रेमंड रसेल या इंग्रज गृहस्थाला जुन्या पट्टीवाद्यांचा, म्हणजे पियानोच्या आधीच्या हार्प्सिकॉर्ड-क्लॅव्हिकॉर्डचा, विलक्षण नाद होता. त्यानं ती जमवली, अभ्यासली, त्यांवर १९५९ साली मोठा ग्रंथ लिहिला. १९६४ मध्ये तो गेला, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना. त्याची आई मॉड रसेल हिनं लेकाचा संग्रह त्याच्या स्मरणार्थ एडिंबरो विद्यापीठाला दिला. अशी वाद्यं विकली असती तर केवढी किंमत आली असती! चार दिशांना चार श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ती शोभेला गेली असती. ती एकत्र राहिली, विद्यार्थ्यांच्या हाताखाली आली आणि सेंट सिसिलियाज हॉलमध्ये नांदू लागली. पुढे २००५ मध्ये रॉजर आणि लिन मिरे या दांपत्यानंही आपला संग्रह त्यात घातला.

नखी, पितळ आणि हातोडी

आता वाद्यांकडे वळू. ‘पियानो म्हणजे पियानो, त्यात जुना काय नि नवा काय’ असं वाटत असेल, तर जरा थांबा.

सर्वांत नाजूक तो *क्लॅव्हिकॉर्ड*. एका लांबट पेटीत आडव्या तारा. पट्टी दाबली की पितळेचा छोटा तुकडा खालून तारेला टेकतो आणि बोट उचलेपर्यंत टेकूनच राहतो. म्हणून बोट किंचित हलवलं की सूरही हलतो, थेट आपल्या आंदोलनासारखा. आवाज मात्र इतका बारीक, की शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर गाणं बुडालंच! हे वाद्य मैफलीचं नव्हेच. रात्री एकट्यानं स्वतःसाठी वाजवायचं. इथल्या संग्रहातला हाम्बुर्गच्या हासचा क्लॅव्हिकॉर्ड १७६३ सालचा आहे. म्हणजे हॉलचा आणि त्याचा जन्म एकाच वर्षीचा.

दुसरा *हार्प्सिकॉर्ड*. दिसायला पियानोसारखा, पण जात सतारीची! पट्टी दाबली की आत एक लाकडी काडी वर उचलली जाते. तिच्या टोकाशी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची छोटी नखी असते. ती तारेला छेडून जाते. काडी खाली आली की कापडाचा तुकडा तारेला गप्प करतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग रंगत आणायची कशी? क्षणभर थांबून, दोन सुरांत किंचित अंतर ठेवून, कणस्वरांनी आणि नक्षीनं. इथला पास्कल तास्कँ या पॅरिसच्या कारागिराचा १७६९ सालचा हार्प्सिकॉर्ड जगप्रसिद्ध आहे. त्याला दोन मजली पट्ट्या आहेत. विसाव्या शतकात त्याच्या इतक्या प्रतिकृती झाल्या, की न कळत तुम्हीही रेडिओवर त्याच्या एखाद्या लेकराचा आवाज ऐकला असेल.

तिसरा *जुना पियानो*. इटलीत फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास छेडण्याऐवजी ठोकण्याची युक्ती काढली. संतूरवर काड्या पडतात ना, तसं. हातोडी लागते आणि लगेच मागे येते. त्यामुळे बोटाच्या जोराप्रमाणे सूर लहान-मोठा होऊ लागला. मोझार्टच्या काळचा पियानो पाच सप्तकांचा, सगळा सांगाडा लाकडी, हातोड्यांवर चामडं. आवाज स्वच्छ आणि चटकन विरणारा; जणू कुणी आपल्याशी बोलतंय.

आणि शेवटी *आजचा पियानो*. सात सप्तकांहून मोठा, ८८ पट्ट्यांचा. आत ओतीव लोखंडाची चौकट, कारण पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे २० टन. लाकूड तो पेलणार कसं? मोठ्या मैफलीच्या पियानोचं वजन सुमारे ५०० किलो. हातोड्यांवर दाबलेली लोकर. सूर भरघोस आणि लांबणारा, हजार-दोन हजार श्रोत्यांना पुरणारा. मैफली दिवाणखान्यातून थिएटरात गेल्या, तिकिटं वाढली, खोल्या मोठ्या झाल्या, आणि वाद्यही त्या मापानं वाढत गेलं.

शोपँ १८४८ च्या ४ ऑक्टोबरला एडिंबरोत वाजवून गेला, तो त्याची स्कॉटिश शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या आग्रहानं आखलेल्या दौऱ्यात. त्याचं वादन हळुवार म्हणून ख्यात होतं. त्याची रचना आज पोलादी पियानोवर भव्य वाटते, पण त्या काळच्या पियानोवर ती कानाशी येऊन बोलते. दोन्ही खरी. मात्र पहिली ऐकून दुसरी कळत नाही.

सूर लावण्यातली गोम

पेटी शिकलेल्या मैत्रिणींना एक गोष्ट लगेच पटेल. आज जगभर ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. १९३९ मध्ये तसा करार झाला. जुन्या संगीताचे वादक बहुधा ४१५ धरतात, म्हणजे साधारण अर्धा स्वर खाली. आपण काळी चारऐवजी पांढऱ्या पट्टीवर आलो, तसंच काहीसं. शिवाय आजच्या पियानोत सगळ्या सुरांमधली अंतरं सारखी कापलेली असतात. पूर्वी तशी नसत. काही सुरावटी अगदी गोड लागायच्या, काही किंचित बोचायच्या, आणि रचनाकार त्या बोचण्याचाही उपयोग करून घ्यायचे.

हा वाद आपल्याला परका नाही. पेटीचे सूर ठरीव, त्यांवर श्रुती आणि मींड निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनिअमला दार बंद केलं होतं. इकडे संगीत नाटकाला मात्र ऑर्गनशिवाय नांदी म्हणणं सुचत नव्हतं! वाद्य बदललं की गाणंही थोडं बदलतं, हे आपण घरच्या घरी पाहिलेलं आहे.

दोन बायका विसरू नका

ज्या १७६९ साली तास्कँनं तो हार्प्सिकॉर्ड केला, त्याच साली जर्मनीत आउग्सबुर्गला पियानो करणाऱ्या श्टाइनच्या घरी नानेट नावाची मुलगी जन्मली. मोझार्टनं १७७७ मध्ये श्टाइनच्या पियानोंची तोंडभर स्तुती केली, आणि चिमुकल्या नानेटच्या वाजवण्यावर टीकाही केली. पोर खचली नाही. वडिलांच्या हाताखाली ती कारागिरी शिकली. त्यांच्या पश्चात १७९४ मध्ये कारखाना व्हिएन्नाला नेला आणि पुढे स्वतःच्या नावानं चालवला. व्हिएन्नातल्या नावाजलेल्या पियानोंत तिचे पियानो मोडत. बेथोव्हेनची ती स्नेही. त्यानं तिला लिहिलेली साठाहून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत काय असेल, ओळखा पाहू? पियानोपेक्षा जास्त घरगुती गाऱ्हाणी! मोलकरीण टिकत नाही, धुण्याचं काय करू, स्वयंपाकाला कोण मिळेल... कारखाना, घर, मुलं सांभाळून नानेट श्ट्रायशरनं त्या विक्षिप्त प्रतिभावंताचा संसारही मार्गी लावून दिला.

दुसरी वांडा लँडोव्स्का, १८७९ ची, पोलंडमधली. हार्प्सिकॉर्ड म्हणजे संग्रहालयातलं फर्निचर असा समज असताना ती हट्टानं त्यावर मैफली करत राहिली. १९३३ मध्ये तिनं बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचं ध्वनिमुद्रण हार्प्सिकॉर्डवर केलं आणि लोकांचे कान उघडले. तिचं वाद्य मात्र आतून लोखंडी चौकटीचं, पियानोच्या वळणाचं होतं. नंतरच्या कारागिरांनी त्यापुढे जाऊन अस्सल जुनी वाद्यं मोजली, त्यांच्या आतल्या फळ्यांची जाडी पाहिली आणि तशीच हलकी वाद्यं घडवली. एडिंबरोच्या संग्रहासारखे संग्रह शाबूत राहिले म्हणूनच हे जमलं.

वाजवावं की जपावं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अडीचशे वर्षांचं लाकूड तारांच्या ताणाखाली वाकतं, चिरतं. नख्या झिजतात, तारा तुटतात. दुरुस्ती करावी तर प्रत्येक दुरुस्तीत जुन्या कारागिराच्या हाताची एक खूण पुसली जाते. म्हणून काही जाणकार म्हणतात, काचेत ठेवा, हात लावू नका. दुसरे म्हणतात, न वाजणारं वाद्य म्हणजे नुसतं कपाट.

एडिंबरोनं मधली वाट धरली. जी वाद्यं सोसू शकतात ती वाजती ठेवायची, पण बेतानं आणि जाणत्या हातांनी. जी सोसू शकत नाहीत त्यांना विश्रांती द्यायची, त्यांची मापं काढायची आणि त्यांच्या प्रतिकृतींनी मैफलीचं काम करायचं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखंच आहे हे. त्यांना सगळी कामं सांगायची नाहीत, पण कोपऱ्यात बसवूनही ठेवायचं नाही.

ऐकायला जाल तेव्हा

मुलगा-मुलगी परदेशी शिकायला आहे आणि तुम्ही दोन-तीन महिने तिकडे जाणार आहात, असं आता पुष्कळ घरांत असतं. एडिंबरोला जाणं झालंच, तर या गोष्टी ध्यानात ठेवा:

• विद्यापीठाच्या दुपारच्या मैफली पुष्कळदा मोफत असतात. सुट्टीत त्या बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी.

• भारी साडी हवीच असं नाही. थंडी मात्र हवीच असते! शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्या. बांगड्या फार किणकिणणाऱ्या नकोत, क्लॅव्हिकॉर्डपुढे तर मुळीच नकोत.

• रचनेचे तीन-चार भाग असतात. मध्ये शांतता झाली तरी आज तिथं टाळ्या वाजवत नाहीत. सगळं संपल्यावर वाजवतात. आपल्यासारखं मध्येच ‘वा!’ निघालं तरी लाजू नका. १७७८ मध्ये पॅरिसच्या श्रोत्यांनी चालू वादनातच टाळ्या दिल्या, तेव्हा मोझार्ट खूष झाला होता.

• हार्प्सिकॉर्ड पहिली पाच मिनिटं एकसुरी वाटतो. धीर धरा. कान त्या आवाजाला बसले की बारकावे दिसू लागतात. शक्यतो पुढे बसा.

• घरच्या घरी करायचं तर एकच रचना आधी हार्प्सिकॉर्डवरची आणि मग पियानोवरची ऐका. बाखच्या गोल्डबर्गची दोन्ही ध्वनिमुद्रणं सहज मिळतात.

माळ्यावरच्या तंबोऱ्याचं काय?

आणि आता तो आत्याबाईंचा तंबोरा. मिरजेच्या कारागिरांच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. तुमच्या माळ्यावरचा मिरजेचाच असेल, तर त्याची किंमत नुसती भावनेची नाही.

तो खाली काढा. भोपळ्याला धक्का लागू देऊ नका. तो अंड्याच्या कवचासारखा जपायचा. ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या मऊ कापडानं पुसा. उन्हात किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. भोपळ्याला कीड लागलेली नाही ना, ते पाहा. जुन्या गंजलेल्या तारा एकदम ताणू नका. जाणत्याकडून बदलून आणि जवारी काढून घ्या. गवसणी नसेल तर जुन्या रजईची शिवा. फार दिवस वाजणार नसेल, तर तारा थोड्या सैल करून ठेवा.

आणि एवढं झालं की आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, कुणालातरी तो छेडायला सांगा. गाणं येत नसलं तरी चालेल. नातीला सांगा, सुनेला सांगा, नाहीतर स्वतःच मांडीवर घ्या. मॉड रसेलकडे लेकाची वाद्यं होती आणि तिच्यामागे विद्यापीठ होतं. आपल्या घरचं वाद्य बोलतं ठेवायला विद्यापीठ लागत नाही. चार तारा आणि एक बोट पुरतं.